दृष्टिपटलाचे वार्धक्य

उरणजवळच्या या डोंगराचे द्रोणागिरी हे नाव घेताच मारुती आठवतो. वनस्पती ओळखता येईना, तेव्हा त्याने सारा पर्वतच उचलून आणला. आज ज्या संशोधनाची हकीकत सांगावयाची आहे, त्याची रीत काहीशी अशीच होती. मात्र तेथवर पोचण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

म्हातारपणी दिसेनासे झाले की ‘मोतीबिंदू असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. यात लोकांचा दोष थोडा. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, त्याचा भर मोतीबिंदूवर होता, आणि ते योग्यच होते; कारण मोतीबिंदू काढता येतो. परंतु ज्याला कडेचे सारे दिसते आणि समोरच्याचा चेहरा तेवढा पुसट होतो, दाराची सरळ चौकट ज्याला वाकडी भासते, त्याचे दुखणे बहुधा भिंगात नसून मागील पडद्यात, दृष्टिपटलाच्या पीतबिंदूत असते.

जिवंत माणसाचा हा पडदा पाहण्याची सोय हेल्महोल्ट्झच्या उपकरणाने १८५१ साली झाली. १८७४ मध्ये लंडनच्या हचिन्सन आणि टे यांनी वृद्धांच्या पीतबिंदूतील विकृतीचे वर्णन केले. १८८५ मध्ये हाबने तिला ‘वार्धक्यजन्य’ हे विशेषण जोडले. विशेषण जोडणे सोपे असते! पुढे कित्येक दशके रोग्याला ‘वय झाले’ याहून फारसे काही सांगता येत नव्हते.

इकडे पेशीतील सूक्ष्म कणांचा शोध चालू होता. बेंडाने १८९८ साली त्यांना मायटोकाँड्रिया म्हटले. आपण तंतुकणिका म्हणतो. पेशीची बहुतेक ऊर्जा येथेच तयार होते, आणि दृष्टिपटलाची प्राणवायूची भूक तर फार मोठी. १९८१ मध्ये मानवी तंतुकणिकेची स्वतःची जनुकलिपी वाचून झाली. तीत अवघ्या १३ प्रथिनांची कृती आहे. बाकीची हजारभर पेशीकेंद्राच्या आज्ञेने बाहेर घडून आत येतात. दोन घरांच्या भागीदारीतला हा कारखाना म्हातारपणी कोठे अडतो?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील डेबोरा फेरिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेत्रदात्यांच्या डोळ्यांतून, दृष्टिपटलामागील रंगपेशींच्या तंतुकणिका वेगळ्या काढल्या. दोषी प्रथिन कोणते हे ठाऊक नव्हते. म्हणून सगळीच पसरून, रोगाच्या चढत्या टप्प्यांशी ताडून पाहिली. ऊर्जा घडविणाऱ्या यंत्राचे काही भाग आणि बाहेरची प्रथिने आत ओढून घेणारे एक प्रथिन यांचे प्रमाण बदललेले आढळले. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. हा बदल रोगाचे कारण की परिणाम, हे मात्र मृत डोळा सांगत नाही. २००१ साली जपानी संशोधकांनी ह्युमॅनिन नावाचे एक चिमुकले प्रथिन उजेडात आणले. ते प्रयोगशाळेत रंगपेशींना मरणापासून वाचविते; पण प्रयोगशाळेतून औषधाच्या बाटलीपर्यंतची वाट लांब असते.

आपल्याकडे नेत्रदान म्हटले की बुबुळाचे रोपण एवढेच लोकांना माहीत असते. या प्रश्नाला मात्र मागचा पडदा लागतो, तोही मृत्यूनंतर काही तासांच्या आत, आणि रोगी डोळा निरोगी डोळ्याइतकाच मोलाचा ठरतो.