बाळंतिणीच्या खोलीचे दार

१६१४ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या विधिग्रंथात धर्मगुरूंसाठी एक सूचना आहे. आपल्या धर्मग्रामातील सुईणींना स्नानसंस्कार योग्य रीतीने देता येतो की नाही, याची धर्मगुरूने खात्री करून घ्यावी, अशी ती सूचना. तिचे कारण उघड आहे. जन्मतःच बाळ दगावण्याचा धोका घरोघरी होता. धर्मगुरूला निरोप जाऊन तो येईपर्यंत पुष्कळदा सारे संपलेले असे. अशा वेळी सुईणीने हाताशी असलेले पाणी बाळाच्या मस्तकावर घालावे आणि त्रैक्याच्या नावाने त्याला देवाच्या स्वाधीन करावे, अशी व्यवस्था ख्रिस्तसभेने करून ठेवली होती.

बाळंतिणीच्या खोलीत आत्म्याची काळजी वाहणारी हीच ख्रिस्तसभा आपल्या धर्मभगिनींना मात्र त्या खोलीच्या उंबरठ्यावर थांबवीत होती. रुग्णाच्या जखमा धुवाव्यात, महारोग्याची सेवा करावी, पटकीच्या साथीत प्राण द्यावेत, यांपैकी कशालाही आडकाठी नव्हती. परंतु अडलेल्या बाळंतिणीची सुटका करणे व्रतस्थ स्त्रीला सर्वसाधारणपणे निषिद्ध मानले गेले होते. हा निर्बंध १९३६ साली दूर झाला. तो कसा दूर झाला, त्यासाठी कोणी किती वर्षे वाट पाहिली आणि त्या वाटेचा आपल्या देशातील स्त्रियांशी काय संबंध आहे, हे आपल्या समाजात फारसे सांगितले जात नाही.

निर्बंधाचे मूळ

या निर्बंधामागे क्रौर्य नव्हते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना व उपधर्मगुरूंना कापणे व डागणे यांसारखी शस्त्रक्रियेची कामे करण्यास मनाई केली. वेदीवर अर्पण करणाऱ्या हातांनी रक्त सांडू नये, ही त्यामागची भावना होती. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने हीच परंपरा पुढे नेली. रोमच्या खास अनुज्ञेशिवाय धर्मगुरूने वैद्यकी करू नये असे तीत म्हटले होते आणि व्रतस्थांनाही तोच नियम लागू होता. धर्मभगिनींच्या बाबतीत त्यात ब्रह्मचर्यव्रताच्या मर्यादेचा विचार मिसळला. प्रसूतीचे काम व्रतस्थ स्त्रीच्या शालीनतेला शोभत नाही, असा तो विचार होता.

युरोपात या नियमाची झळ फारशी लागली नाही. तेथे इतर डॉक्टर होते, विवाहित सुईणी होत्या आणि पुरुष डॉक्टरापुढे जाण्यास बहुतेक स्त्रिया तयार होत्या. हिंदुस्थानात मात्र तोच नियम स्त्रियांच्या जिवावर बेतत होता. येथे पडदा होता, सोवळेओवळे होते, परपुरुषाचा स्पर्श नको म्हणून मरण पत्करणारी घरे होती. धर्मभगिनी या स्त्रियांच्या माजघरापर्यंत जाऊ शकत. पण ज्या वेदनेसाठी त्यांना बोलावले जाई, तिच्यावरच हात ठेवण्याची त्यांना मुभा नव्हती.

आपल्याकडची हाक

ही गरज प्रथम मोठ्याने बोलून दाखवणाऱ्यांत आपल्याच मराठी स्त्रिया होत्या. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. पुरुषापुढे आपले दुखणे सांगण्याच्या संकोचापायी या देशातील असंख्य स्त्रिया अकाली मरतात, असे त्यांनी सांगितले. रमाबाई तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. स्नानसंस्कार त्यांनी पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये घेतला. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदुस्थानी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला, त्याच्या पूर्वपीठिकेत या साक्षीचा उल्लेख आदराने केला जातो.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांची कहाणी घरोघरी ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निर्धार जन्मला. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी घेतली. त्यांचा प्रबंध हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्रावरच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. १८८६ सालीच मुंबईत केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले. एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टर तेथे होत्या. मुंबईपुरते तरी एक दार उघडले होते.

प्रॉटेस्टंट बंधुभगिनी या कामी आपल्या पुष्कळ पुढे होत्या, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. डॉ. क्लारा स्वेन १८७० साली बरेलीस आल्या. डॉ. ॲना कुगलर १८८३ साली आंध्रातील गुंटूरला आल्या. तमिळ प्रदेशात मिशनरी डॉक्टरची मुलगी आयडा स्कडर हिच्या दारी एकाच रात्री तीन पुरुष आले. तिघांच्याही पत्नी प्रसूतीत अडल्या होत्या आणि तिघांनीही तिच्या डॉक्टर वडिलांना न्यायचे नाकारले. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया गेल्या होत्या. निष्णात डॉक्टर घरात होता, रोगी हाकेच्या अंतरावर होता, आणि तरीही दोघांची भेट होऊ शकली नाही. आयडा पुढे डॉक्टर होऊन १९०० साली परतली आणि वेल्लोरचे मोठे रुग्णालय उभे राहिले.

रोमचे दार ठोठावणारी वृद्धा

कॅथलिकांमध्ये ही हाक ऐकली ती ॲग्नेस मॅकलॅरन या स्कॉटिश बाईंनी. १८३७ साली एडिंबरोत त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील डंकन मॅकलॅरन हे ब्रिटिश संसदेचे सभासद होते. ब्रिटनमधील विद्यापीठे स्त्रियांना वैद्यकाची पदवी देत नव्हती, म्हणून त्यांनी फ्रान्समधील माँपेलिये येथे शिक्षण घेऊन १८७८ साली पदवी मिळवली. म्हणजे एक बंद दार त्यांनी आधीच ओलांडले होते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, १८९८ साली, त्या कॅथलिक झाल्या.

उत्तर हिंदुस्थानातील पडदानशीन स्त्रियांची अवस्था त्यांच्या कानी आली, तेव्हा विश्रांतीचे वय झालेले होते. तरीही १९०९ साली, बहात्तराव्या वर्षी, त्या रावळपिंडीला गेल्या आणि संत कॅथरिनच्या नावाने स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उभे राहील अशी व्यवस्था त्यांनी केली. तेथेच त्यांना खरी अडचण उमगली. इमारत उभी राहील, औषधे येतील, सेवेला धर्मभगिनी मिळतील. परंतु आयुष्यभर टिकून राहील अशी डॉक्टर कोठून आणायची? करारावर येणारी बाई काही वर्षांनी परत जाते. आयुष्य वाहून घेणाऱ्या असतात त्या धर्मभगिनी, आणि त्यांनाच तर मनाई! तेव्हा मॅकलॅरनबाई रोमला गेल्या. एकदा नव्हे, पाच वेळा गेल्या. व्रतस्थ स्त्रियांना वैद्यकी करू द्यावी, ही एकच विनंती त्यांनी वारंवार मांडली. उत्तर मिळाले नाही. १९१३ साली त्यांनी देह ठेवला.

दोन मुली, दोन वाटा

मरणापूर्वी त्यांचा ऑस्ट्रियातील एका तरुणीशी पत्रव्यवहार झाला होता. तिचे नाव ॲना डेंगेल. हिंदुस्थानात काम करायचे तर ब्रिटिश अमलातील पदवी हवी, म्हणून बाईंनी तिला आयर्लंडमधील कॉर्क येथे जाण्याचा सल्ला दिला. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून ॲनाला पुष्कळ सोसावे लागले. १९१९ साली ती डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीला पोचली. तेथील चार वर्षांनी तिला पार थकवले. एकटी डॉक्टर कितीही राबली तरी पुरी पडत नाही, हे तिने अनुभवले. धर्मभगिनी व्हावे तर वैद्यकी सोडावी लागेल, वैद्यकी करावी तर व्रतजीवन सोडावे लागेल, असा पेच तिच्यापुढे होता. तिने दोन्हीपैकी काहीच सोडले नाही. १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये एक डॉक्टर व दोन परिचारिका अशा तिघींना सोबत घेऊन तिने 'मेडिकल मिशन सिस्टर्स' ही संस्था स्थापन केली. जाहीर व्रते घेण्याची परवानगी नसल्यामुळे या चौघी व्रतस्थांसारख्या राहू लागल्या. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या केवळ भाविक स्त्रियांचा एक मेळ होत्या.

दुसरी मेरी ग्लाउरी. जन्म १८८७, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांत. मेलबर्नमध्ये डोळ्यांच्या डॉक्टर म्हणून त्यांचा जम बसलेला होता. १९१५ साली मॅकलॅरनबाईंच्या कार्याविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि हिंदुस्थानातील बालमृत्यूंची स्थिती वाचून त्यांचे मन पालटले. त्या लगेच निघाल्या नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याला जेथे जायचे आहे तेथे कोणते ज्ञान लागेल याचा विचार करून त्यांनी पुन्हा अभ्यास आरंभला आणि १९१९ साली प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग व नेत्ररोग या विषयांत एम. डी. ही उच्च पदवी मिळवली. १९२० च्या आरंभी त्या गुंटूरला आल्या, येशू-मरिया-योसेफ संघात दाखल झाल्या आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास अनुज्ञेने धर्मभगिनी असूनही वैद्यकी करू लागल्या. सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट हे त्यांचे नवे नाव.

एका लहानशा दवाखान्यातून संत जोसेफ रुग्णालय वाढले. अनेक वर्षे तेथे त्या एकट्याच डॉक्टर होत्या. म्हणून त्यांनी स्थानिक मुलींना औषधे देण्याचे, परिचर्येचे व सुईणीचे शिक्षण देण्यास आरंभ केला. बैलगाडीतून खेडोपाडी जाणेही चालूच होते. परंतु त्यांना मिळालेली अनुज्ञा ही एका व्यक्तीपुरती सवलत होती. ती नियम झाली नव्हती.

१९३६

११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्ड्समातेच्या सणादिवशी, रोममधील श्रद्धाप्रसार मंडळाने 'कॉन्स्तान्स आक् सेदुला' या नावाने ओळखला जाणारा आदेश काढला. मिशन प्रदेशांतील माता व बालके यांच्या रक्षणासाठी धर्मभगिनींनी वैद्यक व प्रसूतीचे काम हाती घ्यावे, त्यासाठी योग्य शिक्षण व पदव्या घ्याव्यात, अशी मुभा त्याने दिली. केवळ मुभाच नव्हे, उत्तेजनही दिले. मॅकलॅरनबाईंच्या मृत्यूला तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

यात एक बोध आहे. परवानगी मिळाली तेव्हा ती वापरायला माणसे तयार होती. ॲना डेंगेल यांचा संघ अकरा वर्षे राबत होता. आता तो खऱ्या अर्थाने व्रतस्थ संघ झाला. सिस्टर मेरी ग्लाउरी सोळा वर्षे गुंटूरच्या प्रसूतिगृहात उभ्या होत्या. व्रतस्थ स्त्री हे काम पावित्र्याने व निष्णातपणे करू शकते, याचा पुरावा कागदावर मांडण्याची गरज राहिली नव्हती. १९४३ साली सिस्टर मेरींनी देशातील विखुरलेल्या कॅथलिक रुग्णालयांना एकत्र आणणारी संघटना स्थापन केली. आज ती कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने हजारो लहानमोठ्या आरोग्यकेंद्रांना जोडते. भारतात कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे हे त्यांचे स्वप्न होते. ५ मे १९५७ रोजी बंगळूर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९६३ साली त्याच नगरीत संत जॉन वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ॲना डेंगेल १९८० साली रोममध्ये निवर्तल्या.

आजचा उंबरठा

आता काळ पालटला आहे. २०१८ ते २०२० या वर्षांच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. पूर्वीच्या मानाने ही प्रगती फार मोठी आहे. तरी आपल्या वसई धर्मप्रांतातच, पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, अडलेल्या बाळंतिणीला झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आपण वाचल्या आहेत. तेथे आडवा येतो तो ओढा. धर्माचा नियम किंवा पडदा तेथे आड येत नाही.

आणि ज्यांच्या दारापर्यंत रिक्षा येते त्यांचे काय? गर्भाशयाचे दुखणे, छातीतली गाठ, बाळंतपणानंतर मनाला आलेली खिन्नता यांविषयी आपल्या घरांतील स्त्रिया आजही कोणाजवळ बोलतात? 'देवाला वाहिले' म्हणून सहन करणे ही आपल्याकडे भक्ती समजली जाते. तज्ज्ञ डॉक्टर बोरिवलीला किंवा दादरला बसलेला असतो, गाडी वेळेवर सुटत असते. जायचे कोणाबरोबर आणि सांगायचे कसे, एवढ्यावरच सहा महिने निघून जातात. १८८२ साली रमाबाईंनी ज्या संकोचाविषयी साक्ष दिली, तो अद्याप आपल्या घरांतून पुरता गेलेला नाही.

ॲग्नेस मॅकलॅरन यांनी स्वतः किती बाळंतिणींची सुटका केली, याला या इतिहासात फारसे महत्त्व नाही. त्यांनी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधील अडसर नेमका ओळखला आणि तो काढण्यासाठी म्हातारपणी पाच वेळा एकाच दाराशी गेल्या. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी, व्हिन्सेंट दी पॉल सभांनी यावरून एवढे जरी घेतले, की आजारी बाईला तज्ज्ञाचा पत्ता देऊन थांबू नये, तिच्याबरोबर सकाळच्या गाडीत बसावे, तर त्या वृद्धेच्या रोमच्या खेपा आपल्यापर्यंत पोचल्या असे म्हणता येईल.