धातूलाही जात होती!



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक छोटा वाद झाला. कॉलेजात जाणारी एक मुलगी गळ्यात बारीक सोन्याची चेन, कानात ऑक्सिडाइज्ड चांदीचे मोठे झुमके आणि हातात दोन्ही धातूंची कडी घालून आली होती. सोने-चांदी एकत्र घालण्याची फॅशन सध्या आहेच. पण एका ज्येष्ठ आजींना ते खटकले. त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांनी आम्हाला चांदी टाकायला सांगितली, आम्ही टाकली. आता तुम्ही पुन्हा अंगावर चढवता?" मुलगी गप्प झाली. आम्हालाही लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

वरवर पाहता विषय दागिन्यांचा आहे, पण या देशात कोणी कोणता धातू अंगावर घालायचा हे आवडीनिवडीवर कधीच सोडलेले नव्हते. ते जातीने ठरवले होते.

सुरुवात मनुस्मृतीपासून करू. तिच्या दहाव्या अध्यायातील 52 वा श्लोक चांडाळांची राहणी ठरवून देतो. त्यांचे कपडे प्रेतावरचे, त्यांची भांडी फुटकी आणि त्यांचे दागिने लोखंडाचे. माणसाला उपाशी ठेवणे एक वेळ समजते, पण त्याच्या दागिन्याचा धातू ठरवायची गरज कोणाला पडते? ज्याला माणूस दुरून ओळखता यावा असे वाटते, त्याला. लोखंड ही शिक्षा होतीच, शिवाय ती पाटी होती.

कोणी म्हणेल, हे जुन्या पोथीतले झाले, प्रत्यक्षात कोण पाळत होते? त्यांनी बाबासाहेबांचा 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हा 1936 चा ग्रंथ उघडावा. त्यात इंदूर संस्थानातील बलाई समाजाची हकीकत आहे. 1928 च्या जानेवारीत ती वर्तमानपत्रात छापून आली होती. कनारिया, बिचोली-हपसी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या गावांतील सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले. पुरुषांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचे किंवा चांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी नकार दिला. मग त्यांना गावच्या विहिरींचे पाणी बंद केले, गुरांची चराई बंद केली. दरबाराकडे दाद मागूनही वेळेवर काही मिळाले नाही आणि शेकडो कुटुंबांना घरदार सोडून शेजारच्या संस्थानांत जावे लागले.

तमिळ मुलखात रामनाड जिल्ह्यात डिसेंबर 1930 मध्ये कल्लर जातीने आदि-द्रविडांवर आठ बंधने घातली. त्यातले पहिलेच बंधन होते सोन्या-चांदीचे दागिने न घालण्याचे. ज्यांनी ते मोडले त्यांच्या झोपड्या जाळल्या, धान्याची कोठारे उद्ध्वस्त केली, गुरे लुटली. म्हणजे एका बाईच्या कानातल्या चांदीच्या तुकड्याने गावाची सत्ता हादरत होती!

आता दुसरी बाजू पाहू. त्रावणकोरमध्ये पुलया स्त्रियांना गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. अय्यंकाळींच्या नेतृत्वाखाली 1915 मध्ये कोल्लम भागात या स्त्रियांनी त्या माळा काढून फेकल्या. तिथे दागिना घालणे हा अपमान होता आणि काढणे हे बंड. रामनाडला दागिना घालणे हे बंड ठरले. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: माझ्या अंगावर काय असावे हे ठरवणार कोण?

हा धागा हातात धरून महाडला या. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंतचे चांदीचे किंवा कथलाचे गोट-पाटल्या या सगळ्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. त्या दागिन्यांवरचा पैसा स्वच्छ कपड्यांवर खर्च करा. घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असा त्यांचा सल्ला होता. आणि कपडा कोणता, धातू कोणता, हे ठरवण्याच्या तुमच्या स्वातंत्र्यावर कोणाचाही अंकुश नाही, हेही त्यांनी बजावले.

आमच्या मते आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बाबासाहेबांचे भांडण चांदीशी नव्हते, खुणेशी होते. 1927 साली कोपरभर चांदी-कथील पाहून बाईची जात कळत होती, म्हणून ते टाकायचे होते. आजींनी ते टाकले, त्यामागे मोठे धैर्य होते. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये लुगड्याचा काठसुद्धा निऱ्यांत लपवावा लागे अशी नोंद आहे. अशा काळात गावात नव्या पद्धतीने नेसून, दागिने उतरवून फिरणे म्हणजे रोज सत्याग्रह करणे होते. आज सोने-चांदी एकत्र घालणारी मुलगी त्याच सत्याग्रहाच्या पायावर उभी आहे.

पण फॅशन म्हणून सगळे सोपे होते असेही नाही. 'सोने पायात घालू नये' हे आपल्याही घरांत ऐकू येते. सोने वर, चांदी खाली. पुरुषसूक्तात ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायातून निघाला. ही प्रथा त्या सूक्तातून आली असे आम्ही म्हणत नाही, पण शरीराची वर-खाली उतरंड लावण्याची चौकट एकच आहे. आणि ती चौकट सत्तेपुढे लगेच वाकायची! राजपुतान्यात पायात सोने घालण्याचा मान राजा आपल्या मर्जीतल्या सरदारांना देत असे. म्हणजे लक्ष्मीचा अपमान फक्त गरिबाच्या पायाने होत होता काय?

कायद्यालाही हा प्रश्न कळला आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी नवे कपडे किंवा पायताण घालण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हा गुन्हा ठरवला. एकविसाव्या शतकात असे कलम लिहावे लागते, यावरून रामनाड किती दूर गेले ते समजून घ्या.

तरुणांना एकच सूचना. महाडच्या भाषणाचा दुसरा अर्धा भाग विसरू नका. लग्नात सोन्यासाठी सावकाराकडे किंवा बचत गटाकडे कर्ज काढणारी घरे आम्ही रोज पाहतो. सोने ही आता नवी बेडी झाली, तर धातू बदलला आणि गुलामी तशीच राहिली. मुलीच्या शिक्षणाची फी आधी, मग दागिना.

पुढच्या रविवारी आम्ही हेच विहारात मांडले. आजींनी सगळे ऐकून घेतले, मुलीचे झुमके हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी हे बघून लोक लांब व्हायचे. तुझं बघून कोणाला काही कळत नाही. मग घाल."

जय भीम, नमो बुद्धाय!