नडगीचा एक सेंटिमीटर

सांगाडा सापडल्याच्या बातमीत बरेचदा एक वाक्य असतं : 'मृताची उंची अंदाजे साडेपाच फूट.' माणूस कोण, कुठला, कशाने गेला, काहीच माहीत नाही. उंची मात्र माहीत! हा आकडा येतो कुठून, हे शोधत मी मागे मागे जात राहिलो आणि 1948 सालच्या हवाई बेटांवर पोचलो.

उंच माणसाची हाडं लांब असतात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण अमुक लांबीच्या हाडामागे किती उंची, हे ठरवायचं तर अशी माणसं हवीत, ज्यांची उंची आणि हाडं दोन्ही मोजलेली आहेत. फ्रान्समधल्या लिऑं शहरात रोले यांनी 1888 मध्ये 50 पुरुष आणि 50 स्त्रियांच्या मृतदेहांची अशी मोजमापं प्रसिद्ध केली. तेच आकडे घेऊन लंडनच्या कार्ल पिअर्सन यांनी 1899 मध्ये सूत्रं बसवली. पुरुषाच्या मांडीच्या हाडाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, 1.880 ने गुणा, 81.306 मिळवा. झाली उंची.

या शंभर देहांच्या जोरावर अर्धशतकभर जगभरचे सांगाडे मोजले गेले. मग दुसरं महायुद्ध आलं.

युद्धानंतर अमेरिकेने पॅसिफिकमधल्या आपल्या सैनिकांचे अवशेष हवाईत गोळा केले. त्यांची ओळख पटवण्यासाठी 1948 मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर तिथे गेल्या. त्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. ओळख पटवता पटवता त्यांनी संशोधनही केलं, कारण अशी संधी आधी कुणालाच मिळाली नव्हती. ज्यांची ओळख पक्की झाली होती, त्या सैनिकांची भरतीच्या वेळी मोजलेली उंची लष्कराच्या दप्तरात होती. म्हणजे उंची जिवंतपणीची आणि हाडं त्याच माणसाची.

सैनिक सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठी ट्रॉटर यांना टेरी संग्रहाकडे वळावं लागलं. सेंट लुइसमध्ये जमवलेल्या या सांगाड्यांत बरेचसे अशा गरिबांचे होते, ज्यांचे देह न्यायला कुणी आलं नव्हतं. गोल्डिन ग्लेसर यांनी गणिताची बाजू सांभाळली आणि 1952 मध्ये दोघींचा निबंध आला. गोऱ्या अमेरिकन पुरुषासाठी त्यांचं सूत्र असं : मांडीचं हाड गुणिले 2.38, अधिक 61.41, आणि पुढे ± 3.27.

मी 45 सेंटिमीटरचं हाड धरून दोन्ही गणितं करून पाहिली. पिअर्सन म्हणतात 165.9 सेंटिमीटर, ट्रॉटर म्हणतात 168.5. हाड तेच, माणूस तोच, फरक अडीच सेंटिमीटरचा. शिवाय ते ± 3.27 सांगतं, की साधारण तीनांतल्या दोघांचीच खरी उंची या पट्ट्यात पडेल. 95 टक्के खात्री हवी तर पट्टा दुप्पट करा : 162 ते 175. एवढ्या पट्ट्यात अर्धी पलटण बसेल! म्हणून उंचीवरून नाव ठरत नाही, यादीतली काही नावं वगळता येतात इतकंच. पण वगळायचं असेल, तर सूत्र तरी बरोबर हवं.

इथेच नडगी आडवी येते. नडगीच्या हाडाला खाली, घोट्याच्या आतल्या बाजूला, एक टोक असतं. पायाला हात लावलात तर लागेल. हे टोक धरून लांबी मोजली, असं ट्रॉटर यांनी लिहिलं होतं. 1990 च्या दशकात रिचर्ड जँट्झ, डेव्हिड हंट आणि ली मेडोज यांनी जुने आकडे तपासले, टेरी संग्रहातली हाडं पुन्हा मोजली, आणि लक्षात आलं की ट्रॉटर यांनी ते टोक सोडून मापं घेतली होती. त्यामुळे प्रत्येक नडगी 10 ते 12 मिलिमीटर आखूड नोंदली गेली. पुढे ज्यांनी निबंधात लिहिल्याप्रमाणे टोकासकट मोजलं आणि तिचं सूत्र लावलं, त्यांना माणूस सरासरी अडीच ते तीन सेंटिमीटर जास्त उंच मिळाला. निबंध 1952 चा, दुरुस्ती छापून आली 1995 मध्ये. तोवर हे सूत्र सर्रास वापरलं जात होतं. तीन सेंटिमीटरमुळे एखादा बेपत्ता माणूस यादीतून उगाच बाहेर पडू शकतो, आणि त्याच्या घरचे वाट बघत राहतात.

आपल्याकडेही परक्या मापांवर सगळं सोडलं नव्हतं. पॅन यांनी 1924 मध्ये बंगाल, बिहार, ओडिशाच्या लोकांसाठी, नाट यांनी 1931 मध्ये संयुक्त प्रांतासाठी, तर सिद्दीकी आणि शाह यांनी 1944 मध्ये पंजाबसाठी गुणक काढले. हाताय-पायांचं उंचीशी प्रमाण सगळ्या लोकसमूहांत सारखं नसतं, म्हणून हा खटाटोप. न्यायवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे गुणक आजही भेटतात.

ट्रॉटर यांचं मांडीच्या हाडाचं सूत्र अजून वापरात आहे. नडगीचंही वापरता येतं, फक्त एका अटीवर : हाड त्यांनी लिहिलं तसं मोजायचं नाही, त्यांनी मोजलं तसं मोजायचं. घोट्याचं टोक सोडून.