एअर ड्रायर असूनही हवेत पाणी? गॅस भरण्याआधी हे तपासा

डाळ मिल असो की राइस मिल, कलर सॉर्टरच्या जोडीला एअर कॉम्प्रेसर आणि रेफ्रिजरेटेड एअर ड्रायर असतोच. सॉर्टर हवेच्या फुंकरीने डागी दाणा बाजूला उडवतो. त्या हवेत पाणी आलं की फुंकर मारणारे इजेक्टर अडकतात. डागी दाणा चांगल्या मालात राहतो, नाहीतर चांगला दाणा बाद मालात जातो. नुकसान थेट भावात होतं. अशा वेळी ‘गॅस संपला’ म्हणून लगेच खर्च करू नका. आधी साध्या गोष्टी बघा.

ड्रायर चालतो कसा? घरच्या फ्रिजसारखाच. कॉम्प्रेसरची गरम, दमट हवा आत साधारण 3 अंशांपर्यंत थंड होते. हवेतल्या वाफेचं पाणी होतं आणि ड्रेनमधून बाहेर पडतं. कोरडी हवा पुढे जाते.

1. बायपास व्हॉल्व्ह : दुरुस्तीच्या वेळी उघडलेला बायपास तसाच राहिला असेल, तर हवा ड्रायरमध्ये न जाता सरळ पुढे जाते. तो पूर्ण बंद आहे ना, बघा.

2. ऑटो ड्रेन : टेस्टचं बटण दाबा. पावसाळ्यात दिवसभर मशीन चालूनही पाण्याचा थेंब पडत नसेल, तर ड्रेन तुंबलाय असं समजा. ड्रायर बंद करा, लाइनमधला दाब पूर्ण सोडा आणि मगच जाळी काढून धुवा.

3. कंडेन्सर : डाळीचा भुसा आणि कोंडा कंडेन्सरच्या जाळीत बसला की उष्णता बाहेर जात नाही. वीज बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करा, पत्र्या वाकवू नका. पंखा फिरतो का, तेही बघा.

4. आत येणारी हवा : ड्रायरची क्षमता प्लेटवर लिहिलेल्या तापमानापुरतीच असते. उन्हाळ्यात बंद खोलीत हवा जास्त गरम येते. खोलीत वारा खेळता ठेवा आणि हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडा.

5. बर्फ : ड्रायरच्या पुढे दाब एकदम कमी झाला, तर आत बर्फ धरलेला असू शकतो. ड्रायर बंद करून बर्फ वितळू द्या. पुन्हा तसंच झालं तर मेकॅनिकला दाखवा.

6. व्होल्टेज : कमी व्होल्टेजला ड्रायरचा कॉम्प्रेसर ट्रिप होतो. बंद पडल्यावर लगेच चालू करू नका, पाच मिनिटं तरी थांबा.

एवढं करूनही डिस्प्लेवरचा आकडा खाली येत नसेल, तर गॅसची शंका घ्या. पण नुसता गॅस भरून घेऊ नका. लीक कुठे आहे ते आधी शोधून बंद करायला सांगा, नाहीतर भरलेला गॅसही निघून जाईल. गॅसच्या लाइनला स्वतः हात लावू नका.

रोजची सवय एकच : आधी ड्रायर चालू करा, तो थंड होऊ द्या, मगच सॉर्टरला हवा सोडा.