घाटातल्या हवेचा थर

बोरघाटातून १८६३ साली आगगाडी वर चढली आणि मावळच्या हवेत कोळशाचा धूर मिसळला. चढ असा की सदतीस फुटांमागे एक फूट. मागून जादा इंजिनं लावून गाडी रेटावी लागे. १९३०च्या आसपास विजेची इंजिनं आली, धुराचे लोट थांबले. पुढे २००२मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता तोच घाट लादलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत चढतात.

लोणावळ्यात मी भूगोल शिकवायचो. थंडीत मुलांना राजमाची पॉइंटला नेत असे. सकाळी खोपोलीकडच्या दरीत करडा थर बसलेला असतो, वरची कड रेघ मारल्यासारखी, आणि त्यावर नागफणीचा कडा लख्ख. रात्री थंड हवा खाली साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, धूळ आणि धूर त्याखाली कोंडतात. उन्हं तापली की झाकण मोडतं. मुलं विचारायची, ‘‘सर, त्या थरात आहे काय?’’ प्रश्न अगदी रास्त होता. उत्तरासाठी थरातच शिरायला हवं.

पुण्यात तशी धडपड जुनी आहे. उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या आयआयटीएमने, १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत डकोटा विमानातून बारामती-नगरकडच्या ढगांत मिठाचे कण सोडले. १९८६पासून संस्थेत लेसरचा झोत रात्री आकाशात सोडून कोणत्या उंचीवर किती कण आहेत ते मोजू लागले. सिंहगडावर काजळीच्या नोंदी झाल्या. पण कड्यालगत विमान इतकं खाली आणता येत नाही, आणि फुगा वारा नेईल तिकडे जातो.

वाट दाखवली ती २००६च्या मार्चमध्ये मालदीवच्या हनिमाधू बेटावर. हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी तीन छोटी चालकरहित विमानं एकावर एक अशी उडवली: एक ढगाखाली, एक ढगात, एक ढगावर. आपल्याच उपखंडावरून हिवाळ्यात समुद्राकडे वाहत जाणारी तपकिरी धुरकट हवा सूर्याची उष्णता शोषते आणि खालच्या वातावरणाचं तापणं सुमारे ५० टक्क्यांनी वाढवते, असं त्यातून निघालं.

आता पंख्यांचा छोटा ड्रोनही कणमापक उचलतो. मात्र पंख्यांचा झोत नमुना बिघडवतो, म्हणून हवा ओढणारी नळी पंख्यांच्या वर उभारावी लागते. आणि मावळची दमट हवा फार नडते: ओलावा पिऊन कण फुगतात, लेसरला ते मोठे दिसतात, आकडा वाढतो. हवा आधी सुकवून घेतली नाही तर ती नोंद व्यर्थ.

२०२१च्या ड्रोन नियमांनुसार साधारण १२० मीटरपर्यंतच मोकळीक आहे, आणि खोपोली ते खंडाळा हा चढ सुमारे पाचशे मीटरांचा. शेजारी नौदलाचा आयएनएस शिवाजी हा तळ असल्याने परवानगी घेणं आलंच. ती मिळवावी, आणि थंडीभर पहाटेपासून झाकण मोडेपर्यंत दर अर्ध्या तासाला दरीच्या तळापासून थराच्या कडेच्या वरपर्यंत मोजावं. घाटाखालची माणसं रोज तीच हवा घेतात.