मुकी करवत : एका बिघाडामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ लाकूडकामाच्या कारखान्यात बटण दाबले आणि बँडसॉ जागचा हललाच नाही, तर जाणता कारागीर आधी कान देतो. यंत्र अगदी मुके आहे, नुसते गुरगुरते आहे, की बटण दाबताच फ्यूज उडतो? ही लक्षणे वेगळी, त्यांची कारणे वेगळी आणि प्रत्येक कारणाला स्वतःचा इतिहास आहे.

२/ अखंड पोलादी पट्टा दोन चाकांवर फिरवून लाकूड कापण्याच्या कल्पनेचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने १८०८-०९ च्या सुमारास घेतले. पण पट्टा सतत वाकून सांध्यावर तुटे. १८४६ मध्ये फ्रान्सच्या ॲन पोलिन क्रेपँ यांनी सांधा जोडण्याच्या नव्या पद्धतीचे पेटंट घेतले. पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते विकत घेतले आणि ही करवत खऱ्या अर्थाने कामाला लागली.

३/ त्या काळी कारखाना वाफेच्या एका इंजिनावर चाले. छताखालून लांब दांडा फिरे आणि चामडी पट्टे त्याची गती यंत्रांपर्यंत आणत. करवत थांबली, तर कारण बहुधा डोळ्यांना दिसे : पट्टा घसरला, तुटला किंवा सैल पडला.

४/ विजेने हे चित्र पालटले. गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व स्वतंत्रपणे मांडले. टेस्लाची पेटंटे मे १८८८ ची. पुढच्याच वर्षी डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की याने तीन फेजची मोटार सिद्ध केली. मुंबईच्या कापडगिरण्यांना १९१५ पासून खोपोलीची जलवीज मिळू लागली. शक्ती आता तारेतून येऊ लागली आणि बिघाडही तारेत जाऊन लपला.

५/ गुरगुरण्याचे मूळ येथे आहे. तीन फेज मिळाले की चुंबकीय क्षेत्र आपोआप फिरते. एकाच फेजवर ते फिरत नाही. जागच्या जागी कमीजास्त होते. अशी मोटार स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. म्हणून तिला दुसरी गुंडाळी आणि कंडेन्सर जोडतात. पुष्कळ मोटारींत वेग पुरेसा वाढला की केंद्रोत्सारी स्विच ही मदत तोडतो.

६/ कंडेन्सर निकामी झाला किंवा त्या स्विचचे संपर्कबिंदू जळाले, की मोटार गुरगुरते, पण फिरत नाही. तीन फेजच्या मोटारीचा एक फेज गेला तरी तेच घडते. पट्टा किंवा चाक अडकले असेल तरीही तेच. अशा वेळी बटण लगेच बंद करावे. थांबलेली मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि गुंडाळी जळते.

७/ बटण दाबताच फ्यूज उडत असेल, तर शॉर्ट सर्किटचा किंवा वीज यंत्राच्या सांगाड्यात उतरल्याचा संशय घ्यावा. मोठा फ्यूज घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

८/ मुके यंत्र मात्र वेगळीच कथा सांगते. वीज गेली आणि अचानक परतली, तर करवत आपोआप सुरू होऊन पट्ट्याजवळचा हात कापू शकते. म्हणून स्विचमध्ये एक छोटी कॉइल बसवू लागले. वीज असेपर्यंतच ती संपर्क धरून ठेवते. वीज परतल्यावर बटण पुन्हा दाबावेच लागते. बटण सोडताच यंत्र बंद पडत असेल, तर संशय या कॉइलवर घ्यावा.

९/ चाकांचे दार उघडे असताना यंत्र सुरू होऊ न देणारा स्विच आणि मोटार तापली की वीज तोडणारा ओव्हरलोड रिले हेही याच पहाऱ्याचे भाग. म्हणून मुक्या यंत्राची तपासणी क्रमाने करावी : पुरवठा, फ्यूज, थांबा-बटण, दार, रिले, कॉइल आणि सर्वांत शेवटी मोटार. झाकण उघडण्यापूर्वी वीज मुळापासून तोडावी. कंडेन्सर त्यानंतरही भार धरून असतो. तो उतरवल्याशिवाय हात लावू नये. मोजणी वायरमनकडून करून घेणे उत्तम.

१०/ घाईच्या दिवशी दाराच्या स्विचच्या दोन तारा जोडून यंत्र चालवण्याचा मोह होतो. काम त्याच क्षणी सुरू होतेही. पण तो स्विच तेथे का आला, हे विसरले जाते. दार उघडे असताना मुकी राहिलेली करवत बिघडलेली नसते. ती आपले काम चोख करत असते.