पेशीमृत्यू जनुके आणि मुलांमधील ल्युकेमिया

पेशीमृत्यू जनुके : जादा झालेल्या किंवा डीएनए बिघडलेल्या पेशीला स्वतःचा शेवट करायला लावणारी, तसेच तो शेवट रोखून धरणारी जनुके. या शिस्तबद्ध मृत्यूला अपोप्टोसिस म्हणतात. मुलांच्या कर्करोगांत ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) प्रमाण सर्वाधिक असून त्यात तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (एएलएल) हा मुख्य प्रकार आहे. त्यावरील बहुतेक जुनी औषधे शेवटी पेशीतील हीच यंत्रणा चालू करतात. ती बिघडलेली असेल, तर औषध आत शिरूनही पेशी मरत नाही आणि आजार उलटण्याचा धोका राहतो.

इतिहास : अपोप्टोसिस ही संज्ञा केर, वायली व करी यांनी १९७२ मध्ये रूढ केली. बीसीएल-२ हे जनुक लसिकाग्रंथींच्या कर्करोगात सापडले. ते पेशीविभाजनाचा वेग वाढवत नसून पेशीला मरू देत नाही, असे डेव्हिड व्हॉ व सहकाऱ्यांनी मेलबर्न येथे १९८८ मध्ये दाखवले. सूत्रकृमीतील पेशीमृत्यूच्या जनुकांवरील कामाचा २००२ च्या नोबेल पारितोषिकात समावेश होता.

कार्यपद्धती : एएलएलच्या अनेक उपचारपद्धतींत पहिले सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. ते पेशीतील ग्राहीला चिकटते आणि बिम या जनुकाचे काम वाढते. बिम प्रथिन बीसीएल-२ ला जखडून ठेवते. त्यामुळे मोकळी झालेली बॅक्स व बॅक ही प्रथिने तंतुकणिकेच्या आवरणाला भोके पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर पडते आणि कॅस्पेज विकरे पेशी आतून मोडून टाकतात. आठव्या दिवशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये हजार किंवा त्याहून जास्त ब्लास्ट (अपरिपक्व ल्युकेमिया) पेशी उरल्या, तर प्रतिसाद वाईट समजतात. जर्मनीतील बीएफएम गटाने रूढ केलेली ही कसोटी म्हणजे रुग्णाच्या शरीरातच घेतलेली पेशीमृत्यूची चाचणी होय. वाईट प्रतिसाद देणाऱ्या काही मुलांच्या पेशींत बिम जनुक रासायनिक खुणांमुळे मिटलेले आढळले आहे.

आनुवंशिक प्रकार व परिणाम : गुणसूत्रे ५० पेक्षा जास्त असलेल्या एएलएलच्या पेशी प्रयोगशाळेत सहज मरतात आणि या मुलांचे निकालही चांगले लागतात. याच्या उलट, ३२ ते ३९ गुणसूत्रे असलेल्या दुर्मिळ प्रकारात टीपी५३ हे जनुक जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते. डीएनएची हानी ओळखून मृत्यूचा आदेश देणे हे या जनुकाचे काम. या प्रकारात निकाल वाईट असतो. बऱ्याच मुलांत हा दोष जन्मजात असल्यामुळे कुटुंबाचीही तपासणी करावी लागते. केएमटी२ए जनुकाची फेरजुळणी झालेल्या तान्ह्या बाळांच्या ल्युकेमियात बीसीएल-२ ची पातळी जास्त असते आणि आजार वारंवार उलटतो.

टीसीएफ३-एचएलएफ या संयुक्त जनुकाचा प्रकार सर्वांत घातक प्रकारांपैकी एक आहे. एचएलएफचे सूत्रकृमीतील नातेवाईक जनुक सेस-२ हे ठरावीक पेशींना मरायला लावते. ल्युकेमियातील संयुक्त प्रथिन मात्र पेशींना मरणापासून वाचवते.

एकेका जनुकाचे मोजमाप : बीसीएल-२ जास्त म्हणजे निकाल वाईट, हा सरळ अंदाज मुलांच्या एएलएलमध्ये टिकला नाही. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००६ मध्ये १९० मुलांच्या पेशींतील ७० पेशीमृत्यू जनुके तपासली. त्यांपैकी ४४ जनुकांचे प्रमाण टी आणि बी या लसिकापेशींच्या वंशांच्या आजारांत वेगळे निघाले. एमसीएल१ व डीएपीके१ यांचा संबंध प्रेडनिसोलोनच्या प्रतिसादाशी, तर बीसीएल२एल१३ चा ॲस्परॅजिनेज या औषधाला दाद न देण्याशी आणि वाईट निकालाशी आढळला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील ९२ मुलांमध्ये कल तोच दिसला, पण संख्याशास्त्रीय सीमेपाशी तो निसटता ठरला. जनुकाची पातळी आजाराच्या प्रकारानुसार बदलते आणि मारणाऱ्या व वाचवणाऱ्या प्रथिनांचा तोल एका आकड्यात मावत नाही. म्हणून जोखीम ठरवताना एकेका जनुकाच्या पातळीऐवजी गुणसूत्रांचा प्रकार आणि पेशी प्रत्यक्षात किती मेल्या, यांना महत्त्व देतात. पहिल्या टप्प्याच्या शेवटी अस्थिमज्जेत दहा हजारांत एकाहून कमी ल्युकेमिया पेशी उरणे हे चांगले लक्षण मानतात. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय सहभागी असलेल्या भारतीय आयसीआयसीएलई गटाच्या उपचारपद्धतीतही स्टेरॉइडचा प्रतिसाद, गुणसूत्रे आणि उरलेल्या पेशी यांचा मुलांच्या वर्गवारीत विचार होतो.

उपचारांतील उपयोग : ज्या पेशीत बीसीएल-२ भरपूर असून ते बिमने व्यापलेले असते, ती पेशी त्याच एका आधारावर जगते. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बिमला सोडवून हा आधार काढून घेते. अमेरिकेत २०१६ मध्ये ते प्रौढांच्या दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी मंजूर झाले. टी वंशाच्या अगदी आरंभीच्या पेशींचा ल्युकेमिया बीसीएल-२ वर, तर पुढच्या टप्प्यातील पेशींचा मुख्यतः बीसीएल-एक्सएल या त्याच्या भावंडावर अवलंबून असतो. नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध दोन्ही प्रथिने रोखते. पण बिंबाणूही (प्लेटलेट) बीसीएल-एक्सएलवर जगत असल्याने त्यांची संख्या घसरते आणि मात्रा मर्यादित ठेवावी लागते. उलटलेल्या आजारात या दोन औषधांच्या संयोगाची चाचणी मुलांवरही झाली आहे.